नेमस्पेस काढला आणि 1,200 टॉवेलांचे 24 झाले

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टेरी टॉवेलचा कारखाना. माल युरोपात जातो. तिथल्या एका मोठ्या ग्राहकानं ऑर्डरी पीडीएफऐवजी एक्सएमएल फाइलनं (प्रत्येक माहितीला नावाचा टॅग लावलेली मजकुराची फाइल) पाठवायला सुरुवात केली आणि कारखान्यातल्या जुन्या प्लॅनिंग प्रोग्रॅमला त्या वाचता येईनात. काम आलं जुळे सोलापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर टीमकडे. या टीमला मी अधूनमधून मदत करतो, त्यामुळे प्रकरण जवळून बघायला मिळालं. एलिमेंटांची, म्हणजे टॅगांनी बांधलेल्या एकेका तुकड्याची, नावं इथं देवनागरीत लिहितोय. (एक्सएमएलच्या नियमांत देवनागरी टॅग अगदी वैध आहेत. कुणी वापरत नाही, ही गोष्ट वेगळी.)

जुना प्रोग्रॅम एक्सएमएल वाचतो, पण साधं. 'लाइन' टॅगमध्ये 'क्वांटिटी' दिसली की तो ती उचलतो, 'रंग' दिसला की रंग उचलतो. नेमस्पेस, म्हणजे एकाच नावाचे दोन टॅग कुठल्या वेगवेगळ्या शब्दसंचातले हे सांगणारी सोय, हा प्रकार त्याच्या गावीही नाही. लिहून देणारा माणूस शहर सोडून गेला, सोर्स कोड कुणाकडे नाही, आणि विणाईपासून पॅकिंगपर्यंतच्या सगळ्या स्लिपा त्याच प्रोग्रॅममधून निघतात. म्हणजे तो बदलायचा विषयच नव्हता.

ग्राहकाच्या फाइलीत दोन नेमस्पेस होते. ऑर्डरीचा मूळ मजकूर डिफॉल्ट नेमस्पेसमध्ये, म्हणजे प्रीफिक्सशिवाय (प्रीफिक्स ही नावाआधी कोलन देऊन लावलेली खूण). पॅकिंगच्या सूचना दुसऱ्या नेमस्पेसमध्ये, 'पॅक' या प्रीफिक्सनं. दोन्हींची डिक्लेरेशनं सगळ्यात वरच्या 'ऑर्डर' टॅगवर. डिक्लेरेशन सांगतं की कुठला प्रीफिक्स कुठल्या यूआरआयचा, आणि यूआरआय म्हणजे नेमस्पेसची ओळख असलेला वेबपत्त्यासारखा मजकूर. शिवाय स्कीमावाल्यांचा (स्कीमा म्हणजे फाइलीचा ठरलेला साचा) नेहमीचा 'एक्सएसआय' हा प्रीफिक्स होताच. कामाचा भाग एवढाच:

<लाइन कोड="7140" पॅक:कोड="सी2">
<क्वांटिटी>1200</क्वांटिटी>
<रंग>निळा</रंग>
<पॅक:क्वांटिटी>24</पॅक:क्वांटिटी>
</लाइन>

1,200 नग, एका कार्टनमध्ये 24, म्हणजे 50 कार्टन. माणसाला यात काही अवघड नाही.

मालकांचा निरोप एका ओळीचा होता: ते नेमस्पेसचं काय ते काढून टाका आणि फाइल आत घाला. टीमनंही काम तसंच घेतलं. जावात लिहायचं ठरलं, एक्सएमएल हाताळायला लायब्ररी निवडली एक्सओएम. एलियट रस्टी हॅरॉल्ड यांनी लिहिलेलं हे एपीआय (कोडमधून वापरायच्या मेथडांचा संच) नियमांना फार कडक आहे. ट्रीमध्ये, म्हणजे फाइलीच्या मेमरीतल्या झाडासारख्या रचनेत, चुकीचं एक्सएमएल तयारच होऊ देत नाही. माझ्या मते निवड चांगली होती, पण या एपीआयच्या कडकपणाशीच पुढचे सगळे खटके उडाले.

काढायला गेले आणि वाढलं

एलिमेंट क्लासमध्ये 'रिमूव्हनेमस्पेसडिक्लेरेशन' नावाची मेथड आहे. नाव वाचून कुणालाही वाटेल की काम झालं. टीममधल्या मुलीनं रूट, म्हणजे सगळ्यात वरच्या, एलिमेंटवर ती दोनदा चालवली, एकदा रिकाम्या प्रीफिक्ससाठी, एकदा 'पॅक'साठी.

रिकाम्या प्रीफिक्सवर काहीच घडलं नाही. एक्सेप्शन (चूक झाली की येणारा इशारा) नाही, बदलही नाही. 'पॅक'वर घडलं ते आणखी विचित्र. रूटवरचं डिक्लेरेशन खरंच गेलं, पण आउटपुट फाइल आधीपेक्षा मोठी झाली, कारण तेच डिक्लेरेशन आता प्रत्येक 'लाइन'वर छापून आलं होतं. जेवढ्या लाइनी, तेवढ्या वेळा तो लांबलचक पत्ता.

"सर, हे बग आहे का?" तिनं विचारलं. नव्हता. एक्सओएममध्ये नेमस्पेस डिक्लेरेशन ही ट्रीमधली वेगळी वस्तू नसते. प्रत्येक एलिमेंट आपलं लोकल नाव, आपला प्रीफिक्स आणि आपला यूआरआय स्वतःजवळ बाळगतं. प्रीफिक्सवाला अॅट्रिब्यूटही (टॅगच्या आत लिहिलेली 'पॅक:कोड'सारखी माहिती) तसाच. डिक्लेरेशनचा मजकूर ट्रीची फाइल लिहून देणारा सिरियलायझर ऐन लिहिताना तयार करतो: या एलिमेंटला कोणते प्रीफिक्स लागतात, वरून कोणते मिळालेत, कमी पडतात ते इथं छापा. मेथड जे काढते ते फक्त जादा डिक्लेरेशन, म्हणजे त्या एलिमेंटच्या स्वतःच्या नावात किंवा अॅट्रिब्यूटांत न वापरलेलं. रूटला 'पॅक' स्वतःसाठी लागत नव्हता, म्हणून ते जादा होतं आणि निघालं. खालच्या 'लाइन'ला 'पॅक:कोड'साठी तो लागतो, म्हणून सिरियलायझरनं तिथं छापला. डिफॉल्ट नेमस्पेस मात्र रूटच्या स्वतःच्या नावाचा भाग, त्याला मेथड हात लावत नाही. तिच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

सोलापुरी माणसाला हे चादरीवरून पटकन कळतं. काही चादरींवर कंपनीचं नाव लेबलवर छापून शिवलेलं असतं. उसवलं की गेलं. काहींवर तेच नाव जेकार्डनं काठातच विणलेलं असतं. ते उसवता येत नाही, नाव बदलायचं तर चादरच वेगळी विणावी लागते. एक्सओएममधला नेमस्पेस हा दुसऱ्या प्रकारचा.

यावरून एक्सओएमवर रागावणाऱ्यांनी डॉम या दुसऱ्या एक्सएमएल एपीआयकडे बघावं. 2000 सालच्या डॉम लेव्हल 2 मध्ये डिक्लेरेशन हे साधं अॅट्रिब्यूट असतं. ते काढायला सांगितलं की निमूटपणे निघतं, आपण खूश होतो. एलिमेंटचा नेमस्पेस यूआरआय मात्र जिथल्या तिथं असतो, कारण तो निर्मितीच्या वेळीच ठरतो आणि फक्त वाचता येतो. मग काही सिरियलायझर ते डिक्लेरेशन परत छापतात, काही छापत नाहीत. नाव बदलायची 'रीनेमनोड' ही सोय 2004 मध्ये लेव्हल 3 ला आली. डॉटनेटच्या 'लिंक टू एक्सएमएल' या तिसऱ्या एपीआयमध्ये उलटी फजिती होते: एलिमेंटचं नाव बदलून नेमस्पेस काढला आणि जुनं डिक्लेरेशनचं अॅट्रिब्यूट तसंच राहिलं, तर फाइल सेव्ह करताना एक्सेप्शन येतं. तीन एपीआय, तीन स्वभाव. यातलं गप्प बसून काहीच न करणं लोकांना सगळ्यात खटकतं, पण एक्सओएमचं वागणं मला बरोबर वाटतं. मागितलेली गोष्ट अर्थहीन असेल तर ट्री बिघडवण्यापेक्षा तो शाबूत ठेवलेला बरा. फक्त मेथडचं नाव थोडं सावध हवं होतं.

न संपणारा लूप

पुढचा प्रयत्न टीममधल्या दुसऱ्या मुलाचा. त्याला 'गेटनेमस्पेसडिक्लेरेशनकाउंट' सापडली. त्यानं सरळ लूप लिहिला: काउंट शून्यापेक्षा जास्त आहे तोवर पहिला प्रीफिक्स घ्या आणि काढा. प्रोग्रॅम सुरू झाला तो थांबेचना. पंखा घरघरायला लागला, लॉग रिकामा, एरर नाही.

कारण साधं आहे आणि लक्षात ठेवण्यासारखं. ही मेथड फक्त जादा डिक्लेरेशनं मोजत नाही. एलिमेंटचा स्वतःचा नेमस्पेस, अॅट्रिब्यूटांचे नेमस्पेस आणि जादा डिक्लेरेशनं, सगळं मिळून ती मोजते. एलिमेंटचा नेमस्पेस रिकामी स्ट्रिंग असला तरी तो एक धरला जातो. त्यामुळे काउंट जवळजवळ कधीच शून्य होत नाही (एलिमेंटचाच प्रीफिक्स 'एक्सएमएल' असेल तरच, आणि असं एलिमेंट कोण लिहितो?). लूपची अट पुरीच होणार नव्हती. इंडेक्सवर फिरत फिरत काढणंही धोक्याचं, कारण मधला एक निघाला की मागचे पुढे सरकतात. सगळे प्रीफिक्स आधी वेगळ्या लिस्टमध्ये घ्यायचे आणि मग त्या लिस्टवर फिरायचं, हेच सुरक्षित.

इथपर्यंत आल्यावर टीमला पटलं की डिक्लेरेशन काढणं आणि नेमस्पेस काढणं ही दोन कामं आहेत. दुसरं काम म्हणजे नाव बदलणं, आणि ते झाडून प्रत्येक एलिमेंटवर करावं लागतं. नुसत्या रूटचा यूआरआय रिकामा केला तर रूट साधा होतो, पण पोरं, म्हणजे त्याच्या आतली एलिमेंटं, आपापला यूआरआय धरून असतात आणि प्रत्येकाच्या टॅगवर डिक्लेरेशन छापलं जातं.

प्रत्येक एलिमेंटवर करतानाही क्रम चुकला की एक्सओएम अडवतं. प्रीफिक्स तसाच ठेवून यूआरआय रिकामा करायला गेलं तर नेमस्पेसकॉन्फ्लिक्टएक्सेप्शन येतं. एक्सएमएलमध्ये प्रीफिक्स आहे आणि नेमस्पेस नाही, असं नाव असूच शकत नाही, मग एपीआय तरी कसं चालू देईल? आधी प्रीफिक्स रिकामा, मग यूआरआय. पण प्रीफिक्स रिकामा करतानाही, त्याच एलिमेंटवर दुसऱ्या कुठल्या यूआरआयचं डिफॉल्ट डिक्लेरेशन जादा म्हणून पडलेलं असेल तर पुन्हा तेच एक्सेप्शन. म्हणून शेवटी ठरलेला क्रम असा: जादा डिक्लेरेशनं, मग अॅट्रिब्यूट, मग प्रीफिक्स, सगळ्यात शेवटी यूआरआय. या क्रमानं लिहिलेला कोड धावला. आउटपुट अगदी स्वच्छ, एकही प्रीफिक्स नाही. जुन्या प्रोग्रॅमनं फाइल गिळली आणि स्लिप छापली.

बीम

ती स्लिप चाचणीपुरतीच होती, पण पॅकिंग आणि विणाई दोन्ही बघणाऱ्या सुपरवायझर मामांच्या हातात पडली. त्यांनी चष्मा वर केला. "निळा टॉवेल, 24 नग. चोवीस टॉवेलांसाठी बीम चढवायचा काय ओ? एवढं तर हात पुसायला खात्यात लागतात." (बीम म्हणजे मागावर चढवायचा ताण्याच्या सुताचा मोठा रूळ.)

आतल्या फाइलीत 'लाइन'खाली आता दोन 'क्वांटिटी' होत्या. एक 1,200, एक 24. दोघींमधला फरक सांगणारा एकमेव धागा नेमस्पेस होता आणि तोच आम्ही मोठ्या कष्टानं काढला होता. जुना प्रोग्रॅम शेवटची सापडलेली किंमत धरतो. ग्राहकानं पॅकिंगची सूचना आधी लिहिली असती तर 1,200 बरोबर छापले गेले असते आणि दोष महिनोन्महिने लपून राहिला असता. मला जास्त भीती त्याची वाटते.

अॅट्रिब्यूटांचं तर याहून वाईट. 'कोड' आणि 'पॅक:कोड' ही दोन वेगळी नावं. नेमस्पेस काढला की दोन्ही 'कोड', आणि एका एलिमेंटवर एकाच नावाची दोन अॅट्रिब्यूट असू शकत नाहीत. टीमचा कोड अॅट्रिब्यूट सुटं करून, त्याचा नेमस्पेस काढून परत जोडत होता. एक्सओएमची 'अॅडअॅट्रिब्यूट' त्याच नावाचं आधीचं अॅट्रिब्यूट असेल तर ते बदलून टाकते; तिचं ठरलेलं वागणंच ते. म्हणजे इथं दोन किमती शेजारी शेजारी सुद्धा उरल्या नाहीत. मालाचा कोड गेला आणि त्या जागी कार्टनचा कोड 'सी2' बसला.

तिसरी गोष्ट मी मुद्दाम शोधायला सांगितली, म्हणून सापडली. काही लाइनींवर 'एक्सएसआय:टाइप' हे अॅट्रिब्यूट होतं आणि त्याची किंमत होती 'पॅक:पुठ्ठाखोका'. इथं 'पॅक' हा प्रीफिक्स नावात नाही, किमतीच्या आत आहे. कुठलंही एपीआय किमतीत डोकावून हा प्रीफिक्स आहे की नुसता कोलन असलेला मजकूर, हे ओळखू शकत नाही. स्कीमा माहीत असल्याशिवाय ते कळायला मार्गच नाही. त्यामुळे एक्सओएमच्या लेखी अशा जागचं 'पॅक'चं डिक्लेरेशन जादाच ठरू शकतं आणि विनातक्रार निघून जातं. मागं उरते 'पॅक:पुठ्ठाखोका' ही किंमत, जिच्या प्रीफिक्सला आता काही अर्थ नाही. फाइल वेलफॉर्म्डच (रचनेच्या नियमांत बसणारी) राहते, ती वाचणारा पार्सर काही बोलत नाही. सोप (वेब सेवांमधले एक्सएमएल निरोप) फाइलींमध्ये काम केलेल्यांना हा काटा ओळखीचा असेल. 'न वापरलेले नेमस्पेस साफ करा' असं एका बटणात करणारी हत्यारं इथंच फसतात.

जाता जाता रेग्युलर एक्सप्रेशनबद्दल, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायच्या सोयीबद्दल. कुणीतरी सुचवलंच की एवढं कशाला, शोधा आणि बदला करून डिक्लेरेशनं उडवा. उडवली तर प्रीफिक्स मागं राहतात आणि पार्सर पहिल्याच प्रीफिक्सला अडतो. प्रीफिक्सही उडवले तर वरचे तीनही घोटाळे तसेच, शिवाय सीडेटा (टॅग न मानता जसाच्या तसा ठेवलेला मजकूर) आणि कॉमेंटमधला मजकूरही कापला जातो. एक्सएसएलटीत (एक्सएमएलचं रूपांतर करायच्या भाषेत) लोकल नाव घेऊन नवा एलिमेंट बनवणारं टेम्प्लेट सगळीकडे कॉपी होत असतं. ते जास्त नीटनेटकं आहे, पण दोन 'क्वांटिटी' एकत्र करण्यात तेही तितकंच पटाईत.

खरंच काढायचा होता का?

इथं कारखान्याच्या ऑफिसात चहावर जी चर्चा झाली ती कोडपेक्षा महत्त्वाची होती. मालकांनी विचारलं, "तो नेमस्पेस असला तर अडतं कुणाचं?" प्रश्न बिनतोड होता. यादी केली तर दोन जागा निघाल्या. एक, जुना प्रोग्रॅम. दोन, टीमनंच नव्यानं लिहिलेला ऑर्डरींचा रिपोर्ट.

रिपोर्टमधली एक्सपाथ (एक्सएमएलमधले भाग शोधायची भाषा) क्वेरी 'लाइन' शोधायची आणि तिला काहीच सापडायचं नाही, म्हणून तिथंही 'आधी नेमस्पेस काढू' असं ठरलं होतं. पण 1999 च्या एक्सपाथ 1.0 मध्ये प्रीफिक्स नसलेलं नाव म्हणजे नेमस्पेस नसलेलंच नाव. फाइलीतला डिफॉल्ट नेमस्पेस क्वेरीला लागू होत नाही. क्वेरीपुरता आपला एक प्रीफिक्स ठरवायचा आणि एक्सओएमच्या एक्सपाथकॉन्टेक्स्टमध्ये तो यूआरआयशी जोडायचा, की काम झालं. फाइलीत तो प्रीफिक्स असायची गरजही नाही. रिपोर्टमधलं नेमस्पेस काढणं त्याच दिवशी रद्द केलं. माझा अंदाज असा की जगात जेवढा नेमस्पेस काढणारा कोड लिहिला गेलाय, त्यातला बराचसा या एका न कळलेल्या नियमापोटी लिहिला गेलाय.

उरला जुना प्रोग्रॅम. त्याच्यासाठी साधी फाइल लागणारच होती. पण आहे त्या ट्रीमधून नेमस्पेस खरवडून काढायचा हट्ट सोडला आणि नवा ट्री बांधायचं ठरवलं. मूळ ट्रीला हात लावायचा नाही. त्यातलं एकेक एलिमेंट बघायचं, यूआरआय आणि लोकल नाव ही जोडी एका तक्त्यात शोधायची, समोर लिहिलेल्या साध्या नावाचं नवं एलिमेंट तयार करायचं. ऑर्डरच्या यूआरआयमधली 'क्वांटिटी' म्हणजे 'क्वांटिटी'. पॅकिंगच्या यूआरआयमधली 'क्वांटिटी' म्हणजे 'कार्टननग'. 'पॅक:कोड' म्हणजे 'कार्टनकोड'. नवं एलिमेंट जन्मतःच नेमस्पेसविना असल्यामुळे क्रमाची भानगड, लूप, कॉन्फ्लिक्ट एक्सेप्शन, सगळं एका फटक्यात गेलं. कोड आधीच्या निम्म्याहून कमी झाला.

तक्त्यात नसलेली जोडी आली तर फाइल थांबवायची. यावर टीममध्ये वाद झाला. एकाचं म्हणणं, अनोळखी गोष्ट सोडून द्यावी, काम अडू नये. माझं मत उलट: ऑर्डर एक दिवस उशिरा आत गेली तर फोनवर निभावतं, चुकीची आत गेली तर सूत रंगून बसतं. मामा माझ्या बाजूनं बोलले आणि वाद मिटला.

तक्त्यात प्रीफिक्स कुठेच नाही, फक्त यूआरआय. हे आधीच ठरवलं ते बरं झालं, कारण त्याच ग्राहकाच्या दुसऱ्या देशातल्या ऑफिसकडून आलेल्या फाइलीत 'पॅक'च्या जागी 'एनएस2' होतं. अर्थ तोच, यूआरआय तोच. कोडला फरकच पडला नाही. 'एक्सएसआय:टाइप'साठी वेगळा छोटा भाग लिहिला: मूळ ट्रीमधल्या त्याच एलिमेंटला किमतीतल्या प्रीफिक्सचा यूआरआय विचारायचा, तो आणि प्रकाराचं नाव तक्त्यात शोधायचं, आणि 'खोकाप्रकार' नावाचं साधं अॅट्रिब्यूट लिहायचं. 'एक्सएसआय:स्कीमालोकेशन' जाणूनबुजून वगळलं. 'एक्सएमएल:लँग' तसंच ठेवलं. 'एक्सएमएल' हा प्रीफिक्स कायमचा बांधलेला आहे, त्याला डिक्लेरेशन लागत नाही.

पडताळणी एकच, पण पक्की. मूळ ट्रीवर नेमस्पेससह क्वेरी चालवून नगांची बेरीज काढायची, नव्या ट्रीवर साध्या नावानं काढायची, जुळली नाही तर फाइल पुढं जात नाही. (बेरीज जावात करावी लागते, एक्सओएमची क्वेरी फक्त नोड (ट्रीमधले तुकडे) परत देते, एक्सपाथचा आकडा घेत नाही.) ग्राहकाची मूळ फाइल बाइटलाही धक्का न लावता जशीच्या तशी जपायची, हेही ठरलं. उद्या त्यांनी फाइलीवर डिजिटल सही करायला सुरुवात केली तर ती मूळ फाइलीवरच तपासता येईल. नावं बदललेल्या ट्रीवर ती जुळणं शक्य नाही.

हे लागू झाल्यावर एकदाच फाइल अडली. ग्राहकानं साच्याची नवी आवृत्ती काढली होती आणि ऑर्डरच्या यूआरआयच्या शेवटचा आवृत्तीचा आकडा बदलला होता. यूआरआय एका अक्षरानं वेगळा म्हणजे नेमस्पेस वेगळा, त्यामुळे पहिल्याच टॅगला प्रोग्रॅम थांबला. ऑफिसातल्या मुलानं स्क्रीनवरचा मजकूर फोटो काढून पाठवला. नवा साचा वाचला, ओळींच्या अर्थात बदल नव्हता, रंगाच्या छटेचं एक फील्ड वाढलं होतं. तक्त्यात नव्या यूआरआयच्या ओळी घातल्या, जुन्याही ठेवल्या, कारण आधीच्या साच्यातल्या काही ऑर्डरी अजून चालू होत्या.

आता उलट्या दिशेचं काम सुरू आहे: माल निघाल्याची सूचना ग्राहकाला त्याच्याच साच्यात परत पाठवायची. जुना प्रोग्रॅम साधं एक्सएमएल देतो, त्यावर नेमस्पेस चढवायचा. टीमचा पहिला मसुदा फक्त रूटला यूआरआय देत होता, आणि एक्सओएमनं रूटखालच्या प्रत्येक पोरावर रिकामं डिफॉल्ट डिक्लेरेशन छापलं. या वेळी कुणी बग आहे का म्हणून विचारलं नाही. त्या मुलीनं तक्त्याचे दोन कॉलम उलटे वाचणारा कोड लिहायला घेतलाय. अडचण एकच निघाली आहे: 'क्वांटिटी'ला परत जाताना ऑर्डरचा यूआरआय लागतो, पण सूचनेच्या साच्यात रवाना केलेल्या नगांसाठी तिसराच नेमस्पेस आहे, म्हणून सूचनेला स्वतःचा वेगळा तक्ता द्यावा लागणार आहे.